अंगणाला कच्चा टाका

त्या इमारतीत सगळं वरून ठरायचं. वरून म्हणजे देवाघरून नव्हे, गच्चीवरून. मालक मंडळी अधूनमधून गच्चीवर खुर्च्या टाकून बसायची, हवा खात खाली अंगणाकडे बघायची आणि ठरवून मोकळी व्हायची. अंगणातला बाक असाच ठरला. वरून बघताना तो छान सावलीत दिसत होता, कारण सभा संध्याकाळी होती. दुपारी त्या बाकावर बसायला फक्त कावळा धजायचा, तोही पाय बदलत. नळही असाच ठरला. वरून उंची कळत नाही, त्यामुळे तो इतका वर बसला की पाणी प्यायला पोरांना एकमेकांच्या पाठीवर चढावं लागे.

गच्चीवर कोणी जायचं याचे नियम होते. कठडा गुडघ्याएवढा, म्हणून अठराच्या आतल्यांना बंदी. किल्ली फक्त मालकांकडे, म्हणून भाडेकरूंना बंदी. लिफ्ट नाही आणि जिना अरुंद, म्हणून ज्यांना चढवत नाही त्यांना न सांगताच बंदी. कोणी कोणाच्या वाईटावर टपून हे केलं नव्हतं. आपलं होत गेलं होतं, आणि होत गेलेल्या गोष्टींना हात लावायची कोणाची टाप नसते.

तळमजल्यावरच्या शिंप्याच्या घराने या तिन्ही बंद्या एकाच छपराखाली जमवल्या होत्या. शिंपी स्वतः भाडेकरू. त्याची मुलगी पंधरा वर्षांची. अंगाने किडकिडीत आणि बोलायला टोकदार, म्हणून बापानेच तिला टाचणी नाव ठेवलेलं. तिचा दादा तिच्याहून सात वर्षांनी मोठा. लहानपणीच्या आजारात त्याचे पाय गेले होते. तो चाकाच्या खुर्चीतून फिरायचा आणि मागच्या गल्लीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. अंगणाच्या मागच्या फाटकाला पायरी नव्हती. सकाळी दादा घरातून निघायचा, शीळ वाजवत अंगण ओलांडायचा आणि त्या फाटकातून थेट दुकानात. ना कोणाला हाक, ना कोणाचे उपकार.

त्या रविवारी आई मामाकडे गेली होती, त्यामुळे घरात कोणाचा वचक नव्हता. सकाळी सकाळी नकाशेकाका पँट सैल करून घ्यायला दुकानात आले. नकाशेकाका म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी. उभी हयात नकाशे काढण्याच्या ऑफिसात गेली, आणि निवृत्त झाल्यावर सगळी हौस इमारतीवर निघाली. बोलायला गोड माणूस. पण समोरची भिंत आणि कागदावरची भिंत यात फरक पडला, तर ते भिंतीलाच दोष देत.

"पोट वाढलेलं नाही," ते आल्या आल्या म्हणाले. "कापड आटलंय."

"आटतं," शिंपी म्हणाला. वीस वर्षांत त्याने एकाही गिऱ्हाइकाचं पोट वाढू दिलं नव्हतं.

काकांच्या काखेत कागदाची सुरळी होती. ती त्यांनी कापड बेतायच्या टेबलावर पसरली आणि चारी कोपऱ्यांवर कात्री, इस्त्री, रिळांचा डबा आणि स्वतःचा चष्मा ठेवला. "बघ टाचणे, असं होणार आपलं अंगण. आठ गाड्यांची जागा, मध्ये फुलझाडं. आज संध्याकाळी सभेत शिक्कामोर्तब, उद्या काम सुरू."

टाचणीने वाकून बघितलं. नकाशा खरोखर सुरेख होता. इतक्या सरळ रेघा तिने फक्त वडिलांच्या टेबलावर पाहिल्या होत्या. पण अंगणाच्या मागच्या बाजूला एक जाड, सलग रेघ होती.

"काका, मागचं फाटक कुठाय?"

"बंद. भिंत घालतोय. गेल्या महिन्यात दोन सायकली गेल्या त्या फाटकातून."

"मग दादा?"

"पुढचं फाटक आहे की. एवढं ऐसपैस."

"त्याला पायऱ्या आहेत."

काकांनी चष्मा उचलला. नकाशाचा तो कोपरा लगेच गुंडाळला गेला. तो त्यांनी बोटाने दाबून धरला आणि पुढच्या फाटकाशी बारीक पेन्सिलीने ओढलेल्या चार रेघा दाखवल्या. "ह्या काय पायऱ्या. आहेत ना दाखवलेल्या. वरून बघितलं की पायरी म्हणजे एक रेघच असते, बाळ."

टाचणी तोंड उघडणार, तेवढ्यात टेबलाखालून तिच्या घोट्यावर वडिलांचा पाय बसला. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये हे शिंप्याचं एकमेव तत्त्वज्ञान होतं. भाडेकरूला दुकानासकट हलायला सांगायचं तर घरमालकाला कारण लागत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण टाचणीच्या डोळ्यांपुढे त्या चार रेघा उभ्या राहिल्या आणि त्यांच्या वरच्या टोकाला दादा, खाली उतरवायला कोणीतरी येईल म्हणून वाट बघणारा. दुकान जाणार. शीळही जाणार.

"मी येऊ संध्याकाळी सभेला?" तिने विचारलं.

"कठडा गुडघ्याएवढा आहे," काका प्रेमाने म्हणाले.

शिंप्याने घाईघाईने पँट पुढे केली. "कच्चा टाका घातलाय. मागे जाऊन घालून बघा. बसली तर पक्की शिवण मारतो."

काका पडद्याआड गेले आणि जरा वेळाने चेहरा पाडून बाहेर आले. कमरेत ठीक, पण मांडीत धरत होती. खाली बसून बघितलं तर धागा करकरला. शिंप्याने दोन टाके उसवले, चार घातले, परत घालायला लावली. आता काका बसले, उठले, वाकले, खूश झाले.

"बरं झालं बुवा आधी घालून बघितली," ते म्हणाले. "एकदा पक्की शिवली असती तर बसलो असतो बोंबलत."

टाचणीने मान वर केली. तिला काय सुचलं ते तिचं तिलाही नीट कळलं नव्हतं, पण हातापायांना मुंग्या आल्या होत्या. "काका, हा नकाशा मला द्याल? संध्याकाळपर्यंत. मला बघायचंय कसा काढतात."

काकांच्या आयुष्यात आजवर कोणी नकाशा आपणहून मागितला नव्हता. मुलगा संगणकात गेला, सून जांभई द्यायची. ते इतके विरघळले की नकाशा तर दिलाच, वर वाचायचा कसा तेही शिकवलं. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर. टाचणीने ते दोनदा म्हणून घेतलं. काका पक्की शिवलेली, मांडीत न धरणारी पँट घालून शीळ घालत वर गेले.

"काही करू नकोस," शिंपी म्हणाला. त्याला मुलगी माहीत होती.

"काही करत नाही बाबा. कच्चा टाका घालते."

मग जे सुरू झालं ते आवरणं कोणाच्या बापाला जमलं नसतं, आणि बाप तर दारातच उभा होता. टाचणीने अंगणात उभं राहून दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली. जिन्याजिन्यांतून पोरं घरंगळत आली. कोणाच्या तोंडात अजून घास होता, कोणाचे केस अर्धे विंचरलेले. सगळ्यांत पुढे सात वर्षांचं बटण. ते पहिल्या मजल्यावर राहायचं, गोल होतं आणि कुठेही अडकायचं, म्हणून हे नावही शिंप्यानेच दिलेलं.

"नकाशा जमिनीवर काढायचा," टाचणी म्हणाली. "खराखुरा, जेवढा आहे तेवढा. आणि मग त्यात राहून बघायचं."

हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. घर-घर खेळणाऱ्यांना जमिनीवरची रेघ म्हणजे भिंत हे उपजत कळतं. एकाने टेप धरली, दुसऱ्याने टोक. एक मुलगी आकडे ओरडू लागली. शिंप्याच्या खडूंचा डबा रिकामा होऊ लागला तसा शिंपी कळवळला. "अरे, माझे खडू," असं तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा मात्र त्याच्या तोंडून निराळंच निघालं. "ही रेघ वाकडी आहे."

"चालतंय बाबा."

"चालत नाही. माझ्या दुकानातून निघालेली रेघ वाकडी नको." आणि पाण्यात राहणारा तो माणूस दुकानातून दोरी घेऊन आला. दोरी खडूच्या पुडीतून ओढली, दोन पोरांना दोन टोकांना ताणून धरायला लावली, मधोमध उचलली आणि सोडली. फट्कन एक लांबलचक पांढरी रेघ अंगणभर उमटली. पोरांनी श्वास रोखला आणि मग एकच गिल्ला केला. पुढच्या रेघेला दोरी कोणी धरायची यावरून भांडणं लागली. शिंपी पंचाईत सोडवत बसला. त्याचे कान लाल झाले होते. तो लग्नात असा दिसला होता असं आई म्हणायची.

दुपारपर्यंत काकांचं अंगण अंगणात उतरलं. पांढऱ्या खडूने आठ गाड्या, फुलझाडं, मागची भिंत. टाचणीला एवढ्यावर थांबवेना. तिने निळा खडू घेतला आणि स्वतःची योजना काढायला घेतली: मागे फाटक, पोरांना खेळायला चौक. फाटक नाहीच मिळालं तर पुढच्या पायऱ्यांच्या बाजूला दादासाठी एक छानसा उतार. उताराच्या कडेला तिने फुलंही काढली.

दादा दुकान बंद करून जेवायला आला, तेव्हा मागच्या फाटकातच थबकला. त्याच्या पुढ्यात भिंत होती, आणि भिंतीपाशी बटण पहारा देत होतं.

"इथून वाट नाही," बटण म्हणालं. "भिंत आहे."

टाचणी धावत आली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. नकाशा, भिंत, चार रेघा, संध्याकाळची सभा. सांगता सांगता तिने त्याची खुर्ची ढकलत निळ्या उतारापाशी नेली. "आणि हे तुझ्यासाठी. मी केलं."

दादाने उताराकडे बघितलं. मग त्या दोन निळ्या रेघांमध्ये शिरला. पुढे गेला. टोकाला वळायला लागला आणि एक चाक फुलांवर गेलं, दुसरं फाटकाशेजारच्या भिंतीत. मागे येऊन परत वळला. परत भिंतीत.

"वळायला जागा कुठाय?" त्याने विचारलं.

टाचणीने वाकून फुलांवरून गेलेल्या चाकाची खूण बघितली.

"आणि एवढ्याशा जागेत एवढी उंची? वरून सोडलं तर मी थेट रस्त्यावरच्या गटारात जाईन." तो चिडला नव्हता, पण हसतही नव्हता. "सकाळपासून माझ्यासाठी एवढं चाललंय. दुकान वीस पावलांवर आहे. मला विचारलंस?"

"तुला बरं वाटावं म्हणून–"

"काकांनाही सगळ्यांना बरंच वाटावं असं वाटतं. तू पण गच्चीवरूनच काढलंस की गं."

हे फार लागलं. टाचणीचे डोळे भरले, आणि पोरांसमोर भरले म्हणून जास्तच भरले. तिला राग आला, आधी त्याचा आणि मग स्वतःचा. ती तशीच उभी राहिली. मग नाक पुसलं आणि निळा खडू त्याच्या हातात ठेवला. "तू काढ."

"मी वाकून जमिनीवर कसा काढणार?"

हा प्रश्न सुटेना. तेवढ्यात झाडणाऱ्या मावशी कचऱ्याची ढकलगाडी घेऊन मागच्या फाटकातून आत आल्या. त्यांनीही आधी भिंत बघितली, मग बटण बघितलं, मग कपाळाला हात लावला. "आता माझी गाडी काय चार पायऱ्या उडी मारून चढणार?" त्या म्हणाल्या. कालच झाडलेलं अंगण खडूने भरवलं म्हणून त्या बोलतील असं पोरांना वाटत होतं. पण मावशींनी सगळी कथा ऐकली, दादाच्या हातातल्या खडूकडे बघितलं, आणि गाडीला लटकणारं ओलं फडकं पिळत म्हणाल्या, "हाताने कशाला काढायचं? चाकं आहेत की."

त्यांनी फडक्याने दादाची चाकं ओली केली. पोरांनी खडूचे तुकडे दगडाने कुटले, पूड जमिनीवर पसरली, आणि दादा त्या पुडीतून गेला. मागे दोन निळ्या रेघा उमटल्या. तो घराच्या दारापाशी गेला आणि तिथून निघाला, रोज निघतो तसा. रेघा झाडाला वळसा घालून बाकाजवळून मागच्या फाटकाकडे गेल्या. मग तो एकाच जागी गरकन फिरला, आणि जमिनीवर एक गोल झाला.

"हे बघ," तो म्हणाला. आता तो हसत होता. "मला वळायला एवढी जागा लागते."

टाचणीने तो गोल बघितला. ती पंधरा वर्षं त्या खुर्चीबरोबर राहत होती, आणि तो गोल तिने आज पहिल्यांदा पाहिला.

"आता माझी," मावशी म्हणाल्या. त्यांच्या गाडीच्या चाकांना हिरवी पूड. पोरांनी चपला काढून तळवे लाल करून घेतले आणि नळाकडे, झाडाकडे, फाटकाबाहेरच्या मैदानाकडे धावत सुटली. बटणाने तळव्यांबरोबर पोटही लाल करून घेतलं. शिंपी "पुरे, पुरे" म्हणत पूड वाढत होता.

ऊन उतरलं तेव्हा टाचणी काळजीत पडली. "पण हे बघायला ते खाली येतील का? वरच्या वर हात वर करतील आणि झालं."

दादाने जरा विचार केला. "काकांच्या नकाशात एक कोपरा चुकव."

"काय?"

"फुलझाडांचा कोपरा. हातभर तिरका काढ. ते बाकी काहीही सोडून देतील, चुकीची रेघ नाही सोडणार."

टाचणीने वडिलांकडे बघितलं. एक कोपरा मुद्दाम तिरका. शिंप्याने डोळे मिटले. "मी आत जातो," तो म्हणाला. "मला बघवणार नाही."

सभा भरली. खुर्च्या सरकल्याचे आवाज खाली आले, मग बोलणं, मग एकदम शांतता. कोणीतरी खाली बघितलं असावं. मग एकामागून एक डोकी दिसू लागली, कठड्यापासून बेताच्या अंतरावर. वरून त्यांना काय दिसत असेल? आठ पांढरे चौकोन, आणि त्यांवरून, त्यांच्या मधून, निळ्या, हिरव्या, लाल रेघांचा लोंढा, सगळा एकाच दिशेला. मागच्या फाटकाकडे. तिथल्या जाड पांढऱ्या रेघेवर येऊन सगळे रंग आदळत होते.

वरून काकांचा आवाज आला. "अरे, तो कोपरा चुकलाय."

"कुठला?" टाचणी खालून ओरडली.

"फुलझाडांचा! काटकोन पाहिजे!"

"असाच आहे नकाशात."

"छे, छे, छे. थांब. हात लावू नकोस." आणि जिन्यात चपला वाजू लागल्या. दादाने टाचणीकडे बघितलंही नाही, फक्त एक भुवई उडवली.

काका धापा टाकत आले, थेट कोपऱ्यात गेले, सकाळीच सैल केलेल्या पँटची पर्वा न करता गुडघे टेकले आणि चुकीची रेघ तळहाताने पुसू लागले. पँट मांडीत धरली नाही. सेक्रेटरीशिवाय सभा चालेना, म्हणून बाकीचेही एकेक करून उतरले. शेवटी चौथ्या मजल्यावरचे दोनगाडीवाले उतरले, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या बोटात फिरवत. आठातल्या दोन जागा त्यांच्या होत्या.

काटकोन झाला. काका उठले आणि त्यांनी सभोवार बघितलं. आपल्याच नकाशात ते उभे होते. इतकी वर्षं नकाशे काढले, पण आत उभं राहायची वेळ कधी आली नव्हती. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला.

"काका, आता चालून बघा ना," दादा म्हणाला. "घरून निघा. रोज सकाळी पेपर आणायला मागच्या गल्लीत जाता तसे."

काका हौसेने जिन्यापाशी गेले आणि तिथून निघाले. चौकोनांच्या मधून, फुलझाडांना वळसा घालून, सवयीने मागच्या फाटकाकडे, आणि बाहेर.

"भिंत!" बटण किंचाळलं. "काका भिंतीतून गेले!"

सगळे हसले. काकाही हसले, ओशाळले, माघारी आले. "बरोबर. पुढून जायला हवं." ते पुढच्या फाटकाकडे निघाले. दादा त्यांच्या बाजूने निघाला, खुर्चीचा वेग त्यांच्या चालीएवढा ठेवून. दोघे हवापाण्याच्या गप्पा मारत पायऱ्यांपर्यंत पोचले. काका बोलत बोलत चारही पायऱ्या उतरून गेले आणि रस्त्यावर उभं राहून वळले. दादा वरच होता.

"आता?" दादाने विचारलं.

खालून बघताना त्या रेघा नव्हत्या. काकांच्या कमरेएवढ्या उंचीवर खुर्चीची पुढची चाकं होती.

"दोन माणसं उचलतील की," काका हळूच म्हणाले.

"कोण दोघं?"

"म्हणजे... कोणीही. इतकी माणसं आहेत इमारतीत."

"कोणीही नको काका. दोघंजण सांगा. मी रोज सकाळी जातो, दुपारी जेवायला येतो, परत जातो, रात्री येतो." दादाचा आवाज चढला नव्हता. "शाळेत जायचो तेव्हा मागचं फाटक नव्हतं. बाबा आणि दूधवाला मला उचलायचे. दूधवाला आला नाही की माझी शाळा बुडायची. वार्षिक परीक्षेच्या दिवशी त्याला ताप आला होता. मला त्या पायऱ्या परत नकोत. ज्यांना जमेल त्यांनी हात वर करा, मी आत्ता गप्प बसतो."

दोनगाडीवाल्यांची किल्ली फिरायची थांबली. अंगणात इतकी माणसं होती, आणि एकही हात वर गेला नाही. दुष्टपणाने नव्हे. प्रत्येकाने मनातल्या मनात उद्याची सकाळ बघितली, बस, पाठ, डबा, आणि हात खालीच राहिला. टाचणीला बोलायचं होतं, ओठांपर्यंत आलं होतं. तिने ओठ चावून धरले. हे त्याचं होतं.

काका एकेक पायरी चढून वर आले. तिसऱ्या पायरीवर गुडघ्याला हात लावून थांबले. ते त्यांनी लपवायचा प्रयत्न केला, पण सगळ्यांना दिसलं.

"आणि चोऱ्या?" दोनगाडीवाले म्हणाले. "सायकली माझ्या मुलांच्या गेल्यात. फाटक सताड उघडं असतं रात्रभर."

हेही खोटं नव्हतं. "कारण कडी वर आहे," दादा म्हणाला. "मी शेवटी येतो, पण माझा हात पोचत नाही. कडी खाली घ्या आणि कुलपाची किल्ली माझ्याकडे द्या. मी लावतो रोज."

"आणि एक मला," मावशी म्हणाल्या. "उजाडता मी उघडते."

मग जो कल्ला झाला तो त्या अंगणाने आजवर ऐकला नव्हता. कोणी चौकोनात उभं राहून गाडीचं दार उघडून दाखवू लागलं. दार शेजारच्या चौकोनात घुसत होतं, म्हणजे आठ गाड्या मुळात मावतच नव्हत्या. कोणी बाक सरकवायला धरला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कोणी न विचारता नळाची उंची पोरांच्या डोक्याशी लावून बघत होत्या. काका हातात खडू घेऊन इकडून तिकडे पळत होते, पुसत होते, काढत होते, "थांबा, थांबा, एकेक बोला" म्हणत होते. कोणी थांबत नव्हतं, आणि त्यांना ते मनापासून आवडत होतं.

शेवटी एक मांडणी जमली. फाटक राहणार, कडी खाली येणार, गाड्या पाच, दादाच्या गोलाएवढी मोकळी जागा दोन्ही वळणांवर, आणि मैदानाकडे जायची पोरांची वाट सरळ. "चला," काका घाम पुसत म्हणाले. "वर जाऊन मतं घेऊ."

"मग मी नाही," दादा म्हणाला.

"मी पण नाही," टाचणी म्हणाली. "कठडा."

काकांनी जिन्याकडे बघितलं, मग आपल्या गुडघ्याकडे. "खुर्च्या खाली आणा रे," ते म्हणाले.

"पण मतं मालकांची," दोनगाडीवाले म्हणाले. आपली एक गाडी रस्त्यावर जाणार, हे त्यांना कळलं होतं. "नियम आहे. आणि ही कालची पोरगी, कानामागून आली आणि तिखट झाली. उद्या पोरं ठरवणार आपण गाड्या कुठे लावायच्या?"

काका सगळ्यांकडे वळून म्हणाले, "मान्य असेल त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. टाचणीने केला, दादाने केला, पोरांनी केले, मावशींनी केला. शिंपी दुकानाच्या दारात उभा होता, गळ्यात टेप. त्याचा हात खांद्यापर्यंत आला, थांबला, आणि मग जेमतेम कानाएवढा वर गेला. काका बोट नाचवत मोजू लागले. इतक्या वर्षांची सवय होती. बोट मालकांवरून मालकांवर उड्या मारत निघालं. टाचणीवरून पुढे गेलं. मावशींवरून पुढे गेलं. टाचणीने हात खाली घेतला नाही, पण आत काहीतरी मिटायला लागलं.

बोट हवेत थांबलं. काकांनी खाली बघितलं. त्यांच्या दोन्ही पायांखाली निळी, हिरवी, लाल पूड होती.

"चुकलं," ते म्हणाले.

चुकलेली रेघ ते कधीच सोडत नसत.

"पहिल्यापासून." ते दादापाशी गेले. "एक." मावशींपाशी गेले. "दोन." मावशींनी पदराने तोंड पुसलं, जणू कोणी फोटो काढणार होतं. मग बोट टाचणीवर आलं. "तीन," काका म्हणाले, आणि तिला वाटलं की तो आकडा आपल्याला खरोखर लागला, बरगडीत कुठेतरी. बटणाने दोन्ही हात वर केले होते.

"तुला काय कळतं रे?" दोनगाडीवाल्यांनी विचारलं.

"भिंत कळते," बटण म्हणालं.

"एकच हात," काका म्हणाले. "चार."

मग बोट दुकानाच्या दाराकडे वळलं. शिंप्याने मागे वळून बघितलं, आपल्या मागे कोण उभं आहे म्हणून. मागे शिलाई मशीन होतं, आणि खुंटीवर लोकांचे कपडे.

"तुम्हीच," काका म्हणाले. "पाच."

शिंप्याचा हात कानापासून वर गेला, पूर्ण वर, टेप गळ्यातून घसरून पडली तरी. ती उचलायला तो वाकला नाही.